बेडूक आणि मार्मोट, दोघांची झोप एकच का?

प्रश्न: ताई, यंदा मे मध्ये आम्ही लडाखला जाऊन आलो, पँगाँगच्या रस्त्याला बिळाबाहेर उभे राहणारे गुबगुबीत मार्मोट पाहिले. ड्रायव्हर म्हणे हे अर्धं वर्ष झोपतात. मग आपल्या शेतात पहिल्या पावसाला निघणारा तो मोठा पिवळा बेडूक पण तेच करतो ना? आणि पोरांनी मार्मोटला बिस्किटं दिली, चालतं का?
- एक वाचक, चोपडा

उत्तर: नाही भाऊ, झोप दिसायला सारखी पण आतला मामला पार वेगळा. मार्मोट हा उंदीर-खारीच्या गोतातला, उष्ण रक्ताचा, त्याला थंडीत अंग गरम ठेवायचं तर रोज खायला पाहिजे आणि तिथं बर्फाखाली गवतच नाही, म्हणून तो आपलं तापमान स्वतःच उतरवतो. आल्प्समधल्या त्याच्या भाऊबंदांवर बराच अभ्यास झालाय, त्यांचं अंग ३८ अंशांवरून जवळजवळ ५ वर येतं, हृदय मिनिटाला चार-पाचदाच धडधडतं. राखेखाली झाकलेला निखारा असतो ना, अगदी तसं. बिळाचं तोंड माती-दगडांनी बुजवून अख्खं कुटुंब एकमेकांना चिकटून पडतं, आणि दर दोनेक आठवड्यांनी सगळे अंग तापवून जागे होतात न परत झोपतात. उन्हाळ्यात साठवलेली चरबी सगळ्यात जास्त या जागं होण्यातच जळते. मोठ्यांच्या उबेवरच पिल्लं हिवाळा काढतात, मला तर हे फार भारी वाटतं.

बेडकाकडे तापवायला काही नाहीच, मातीचं जे तापमान तेच त्याचं. त्याची अडचण पाण्याची. जळगावला मे मध्ये पारा ४५ ला टेकतो तेव्हा ती पातळ कातडी वर टिकणारच नाही, म्हणून तो ओल असेल तिथं जमिनीत खोल दबून बसतो, मूत्राशयात साठलेलं पाणी पुरवून पुरवून वापरतो. पाऊस पडला की बाहेर, आणि तो लिंबासारखा पिवळा रंग फक्त नराचा, तोही विणीपुरता, गळ्याजवळच्या निळ्या पिशव्या फुगवून डरांव डरांव करतो. याच बेडकाच्या तंगड्या पूर्वी परदेशी जायच्या, १९८७ ला निर्यातबंदी झाली ते फार बरं झालं, शेतातले किडे तोच खातो.

बिस्किटं मात्र अजिबात नको. मार्मोटचं पोट गवताचं, शिवाय सवय लागली की ते रस्त्यावर येऊन गाड्यांखाली सापडतात. आणि तिबेटच्या पठारावर याच जातीत प्लेगचे जंतू सापडलेत, तेव्हा पोरांना हात लावू देऊ नका, लांबूनच फोटो काढा.