उत्तर: रोज हजार तसबीह होत नाही, माझं ईमान कमजोर आहे का?

तुम्ही लिहिलंय की जिक्रच्या (अल्लाहच्या स्मरणाच्या) वर्गाच्या ग्रुपवर तसबीहचा, म्हणजे सुबहानल्लाहसारखे शब्द किती वेळा म्हटले त्याचा, आकडा टाकायचा म्हणून इशानंतर (रात्रीच्या नमाजनंतर) घाईघाईनं मोजणी उरकता, बाळ उठलं की आकडा विसरता, पाळीच्या दिवसांत खाडा पडतो, जिक्र करताना काहीच वाटत नाही, विनाकारण रडू येतं आणि वर्गातल्या बाजी (शिकवणाऱ्या ताई) म्हणतात की ईमान, म्हणजे श्रद्धा, कमजोर आहे. यातलं बरंचसं मी भोगलंय, म्हणून लांबलचक लिहितेय. मी आलिमा (धर्मशास्त्र शिकलेली) नाही. आम्ही कोकणातले, शाफई मसलकचे (सुन्नींमधल्या धर्मनियमांच्या एका परंपरेचे). तुम्ही हनफी, म्हणजे दुसऱ्या परंपरेच्या, असाल तर एखादा मसला (धर्माचा नियम) वेगळा निघेल, तो तुमच्याकडच्या जाणत्या माणसाला विचारा. तसबीह कशी करायची, दुरूद (पैगंबरांसाठीची दुआ) कसा म्हणायचा, हे सांगत बसत नाही.

आधी त्या वर्गाबद्दल. मी होते तोही असलाच होता (नाव घेत नाही, तुमचा तोच आहे असंही म्हणत नाही). रात्री दहाच्या आत आकडा टाकायचा. नाही टाकला की नावापुढे लाल फुली, सगळ्यांना दिसेल अशी. महिनाअखेर प्रत्येक फुलीमागे ठरलेली रक्कम ‘सदका’ (दान) म्हणून द्यायची, तीही वर्गाच्याच खात्यात. पाळीत जिक्र करायचाच नाही अशी ताकीद, आणि ते दिवस मात्र खाड्यातच धरायचे! विचारलं तर म्हणाले, नंतर दुप्पट करून भरून काढा. अल्लाहची आठवण राहिली बाजूला, रात्रीचे दहा वाजत आले की पोटात गोळा यायचा.

मला सगळ्यात महागात पडली ती ही पाळीची ताकीद. दर महिन्याला लागलेली सवय तुटायची आणि परत सुरू करताना अपराधी वाटायचं. इमाम नववी (मृत्यू 1277) आमच्या शाफई मसलकचे केवढे मोठे इमाम. जिक्रवरच्या ‘अल-अज़कार’ या किताबात त्यांनी सुरुवातीलाच लिहून ठेवलंय की वुजू (नमाजआधीचं हातपाय-तोंड धुणं) नसो, गुसल (पाक होण्याची अंघोळ) बाकी असो, पाळी असो की बाळंतपण, सुबहानल्लाह, अल्हम्दुलिल्लाह, दुरूद, दुआ हे सगळं मनानं आणि जिभेनं करता येतं, आणि यावर उलेमांचं (धर्माच्या जाणकारांचं) एकमत आहे. मतभेद आहे तो कुरआनच्या तिलावतीबद्दल (पठणाबद्दल), तेवढं विचारून घ्या. साडेसातशे वर्षांपूर्वी लिहिलेली गोष्ट वर्ग चालवणाऱ्यांना माहीत नसावी, याचा मला अजून राग येतो. नववी हेही सांगतात की ठरलेला वजीफा (रोजचा नेम) चुकला तर जमेल तेव्हा करून घ्यावा, सोडून देऊ नये. बस. दुप्पट नाही, दंडही नाही.

आकड्यांशी माझं वाकडं नाही. हदीसमध्येच (पैगंबरांच्या वचनांतच) आकडे आहेत: नमाजनंतर सुबहानल्लाह, अल्हम्दुलिल्लाह, अल्लाहु अकबर तेहतीस-तेहतीस-तेहतीस आणि शंभर पुरे करणारं ‘ला इलाह इल्लल्लाहु वहदहू...’, झोपताना सुबहानल्लाह 33, अल्हम्दुलिल्लाह 33 आणि अल्लाहु अकबर 34 वेळा. पण ही झोपतानाची तसबीह कुणाला शिकवली ते बघा. जातं ओढून पैगंबरांची मुलगी बीबी फातिमा यांच्या हातांना घट्टे पडले होते, त्या वडिलांकडे कामाला माणूस मागायला गेल्या होत्या. रात्री हुजूर, म्हणजे पैगंबर (सल्लल्लाहु अलैहि वसल्लम) स्वतः त्यांच्या घरी आले आणि म्हणाले, नोकरापेक्षा चांगली गोष्ट सांगतो. कामानं पिचलेल्या बाईला सांगितलेला जिक्र दोन-तीन मिनिटांत होतो. तुमच्या पदरात पाच महिन्यांचं बाळ, आणि तुम्हाला हजार कुणी लावून दिले? हुजूरांच्या पत्नी हजरत आयशांकडून आलेली हदीसही तुम्ही ऐकली असेलच, अल्लाहला सगळ्यात प्रिय अमल (नेक काम) तो, जो कायम चालतो, मग थोडा का असेना.

माझं मत विचाराल तर सध्या नमाजनंतरची आणि झोपतानाची तसबीह एवढंच पक्कं धरा. मधल्या वेळात न मोजता करा. सूरह आले इमरानमध्ये (3:191) उभ्यानं, बसून आणि कुशीवर अल्लाहला आठवणाऱ्यांचं कौतुक आहे. कुशीवर पडून बाळाला पाजताना केलेला जिक्र हा काही दुय्यम जिक्र नाही. मोजायचंच तर बोटांवर मोजा, हदीसमध्ये बायकांना तसंच सांगितलंय, की कयामतला (निवाड्याच्या दिवशी) बोटांनाही बोलतं केलं जाईल. मोबाइलचा काउंटर मला तरी पटत नाही. चौतिसाव्याला पोचेपर्यंत दोन मेसेज वाचून होतात. आणि देवनागरी पुस्तिकेवरून पाठ केलं असेल तर एकदा कुणाला तरी ऐकवून घ्या, अरबीतले बरेच उच्चार त्यात बसत नाहीत.

राहिलं “काहीच वाटत नाही” हे. सूफी इब्न अताउल्लाह इस्कंदरी (मृत्यू 1309) यांचं म्हणणं थोडक्यात असं, की जिक्रमध्ये मन लागत नाही म्हणून जिक्र सोडू नकोस; जिक्रमध्ये गाफील असण्यापेक्षा जिक्रच नसणं जास्त वाईट. अल्लाहच्या आठवणीनं हृदयांना शांती मिळते, हे कुरआनच सांगतं (13:28). पण ती अमुक दिवसांत मिळेल असा वायदा वर्गवाले कशाच्या जोरावर करतात, कोण जाणे. माझ्यापुरतं सांगते. भांडण झालं की ते दिवसभर डोक्यात दळत बसायची मला सवय होती. आता मध्येच जीभ आपसूक अस्तगफिरुल्लाहकडे (अल्लाहकडे माफी मागण्याकडे) वळते आणि दळण थांबतं. नेहमी नाही, पण थांबतं.

रडू येण्याचं मात्र ईमानाच्या खात्यावर टाकू नका. बाळंतपणानंतर असं बऱ्याच जणींना होतं, त्यावर इलाज आहे, डॉक्टरांना दाखवा. जिक्र सोबत चालू राहू दे.

ग्रुप सोडताना मोठा खुलासा लिहू नका, नाहीतर त्यावर आठवडाभर बयान (प्रवचन) होईल. तुम्हीही दंड भरला असेल तर ते पैसे परत मागून बघा हवं तर. माझे मिळाले नाहीत.