लेखानुदान: यातले ‘अनुदान’ कोण कोणाला देते?

प्रश्न असा आला आहे: निवडणुकीच्या वर्षी ‘सरकारने चार महिन्यांचे लेखानुदान जाहीर केले’ अशी बातमी वाचायला मिळते. लेखानुदान म्हणजे अंतरिम अर्थसंकल्पच का? आणि ठिबक सिंचनाचे अनुदान, शाळेचे अनुदान यांच्याशी त्यातल्या ‘अनुदाना’चे काही नाते आहे का?

आधी दुसरा प्रश्न घेऊ, कारण घोळाचे मूळ तिथे आहे. रोजच्या मराठीत अनुदान सरकार देते आणि लोक घेतात. सभागृहाच्या भाषेत ही दिशा बरोबर उलटी होते. तिथे मागणारे सरकार असते आणि देणारे लोकांनी निवडून दिलेले सभागृह. घटनेच्या अनुच्छेद ११३ नुसार (राज्यांसाठी २०३) सरकार आपल्या खर्चाचे अंदाज ‘अनुदानाच्या मागण्या’ म्हणून लोकसभेपुढे किंवा विधानसभेपुढे ठेवते. सभागृह मागणी मान्य करू शकते, नाकारू शकते, तिच्यातली रक्कम कमी करू शकते. वाढवू मात्र शकत नाही. मान्य झालेली मागणी म्हणजे अनुदान. त्यामुळे ‘सरकारने लेखानुदान जाहीर केले’ हे वाक्य ‘कर्जदाराने कर्ज मंजूर केले’ म्हणण्यासारखे आहे. लेखानुदान म्हणजे पूर्ण अर्थसंकल्प मंजूर होईपर्यंतच्या काही महिन्यांच्या खर्चाची परवानगी. सरकार ती मागते. मंजूर सभागृह करते.

दोन्ही अर्थ एकाच कागदावर शेजारी शेजारी पाहायचे असतील तर कृषी विभागाचा एखादा शासन निर्णय काढा. वरच्या भागात शेतकऱ्याला खर्चाच्या अमुक टक्के अनुदान देण्याची गोष्ट असते. शेवटाकडे वाक्य येते, की हा खर्च मागणी क्रमांक डी-३, मुख्य लेखाशीर्ष २४०१ पीक संवर्धन, याखाली चालू वर्षासाठी मंजूर अनुदानातून भागवावा. वरचे अनुदान सरकारने शेतकऱ्याला द्यायचे, खालचे अनुदान विधानसभेने सरकारला दिलेले. पुढे कंसात बहुधा खर्चाचा प्रकार सांगणारा आकडा, ‘३३, अर्थसहाय्य’, असाही दिसेल. म्हणजे ज्याला आपण बोलताना अनुदान म्हणतो त्याला राज्याच्या हिशेबाच्या कागदांत अर्थसहाय्य असा वेगळा शब्द आहे. शाळांना मिळते ते ‘सहायक अनुदान’: ३६ हा आकडा वेतनासाठी, ३१ वेतनेतर खर्चासाठी. नेमके लिहायचे असेल तर हा फरक तयारच आहे, फक्त तो आपण वापरत नाही. मला वाटते, निदान अर्थसंकल्पावर लिहिताना तरी तो वापरावा.

आता ‘लेखा’. मूळ इंग्रजी संज्ञेत, ‘व्होट ऑन अकाउंट’मध्ये, ‘मत’ असा शब्द आहे, तो मराठीत येताना गळला आणि त्याच्या जागी ‘अनुदान’ बसले. मत या अर्थाची खूण आपल्याकडे वेगळ्याच शब्दात टिकली आहे: ‘दत्तमत’ खर्च, म्हणजे ज्यावर सभागृहाने मत दिले आहे असा खर्च. ‘लेखा’ मात्र शब्दशः भाषांतरित झाला, आणि लेखा म्हटले की आपल्याला लेखापरीक्षण, महालेखाकार आठवतात. इथे तो अर्थ नाही. व्यापारात पूर्ण हिशेब व्हायच्या आधी काही रक्कम ‘हिशेबापोटी’ देतात, त्यातला हा लेखा. ऊसतोडीला निघणारी टोळी मुकादमाकडून उचल घेते आणि हंगामाच्या शेवटी ती कामाच्या पैशांतून वळती होते. लेखानुदान म्हणजे सरकारने सभागृहाकडून घेतलेली उचल. हा शब्द कोणी कायद्यात घालणार नाही, पण समजावून सांगताना याहून जवळचा मला दुसरा सापडत नाही.

उचल म्हटले की एक नेहमीची चूकही टळते. समजा, एका विभागाचा वर्षाचा अंदाज १,२०० कोटी रुपये आहे. एप्रिल ते जुलै अशा चार महिन्यांसाठी ४०० कोटींचे लेखानुदान मंजूर झाले. पुढे जुलैत पूर्ण मागणी मंजूर झाली ती १,२०० कोटींचीच, आणि आधीचे ४०० कोटी तिच्याच पोटात आले. ४०० अधिक १,२०० अशी बेरीज करून ‘१,६०० कोटींची तरतूद’ लिहिले की सगळा हिशेब बिघडतो. दुसरी गोष्ट, ही उचल चालू खर्चासाठी असते: पगार, निवृत्तिवेतन, सुरू असलेली कामे, चालू योजना. ज्याला मंत्रालयाच्या भाषेत ‘नवीन बाब’ म्हणतात, ती यातून सुरू न करण्याची रीत आहे.

उचलीची गरज का पडते, हे तारखांवरून कळते. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि घटनेच्या अनुच्छेद ११४ प्रमाणे कायद्याने विनियोजन झाल्याशिवाय, म्हणजे कोणत्या खर्चासाठी किती रक्कम ते ठरवून दिल्याशिवाय, भारताच्या एकत्रित निधीतून (सरकारच्या मुख्य तिजोरीतून) एक रुपयाही काढता येत नाही. केंद्राचा अर्थसंकल्प पूर्वी फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी मांडला जात असे. मागण्यांवरची चर्चा मेपर्यंत चाले, म्हणून दरवर्षी साधारण दोन महिन्यांचे, म्हणजे वर्षाच्या अंदाजाच्या सुमारे एक षष्ठांश रकमेचे लेखानुदान घेतले जाई. २०१७ पासून अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला येऊ लागला आणि सगळे काम ३१ मार्चच्या आत उरकू लागले. तेव्हापासून केंद्रात लेखानुदान मुख्यतः लोकसभा निवडणुकीच्या वर्षीच दिसते. म्हणून अनेकांना ते निवडणुकीचेच अपत्य वाटते. ते तसे नाही. अनुच्छेद ११६ मधली ती साधी, नेहमीची सोय आहे. राज्यांसाठी तीच सोय अनुच्छेद २०६ मध्ये आहे.

अंतरिम अर्थसंकल्प ही वेगळी चीज आहे. घटनेत हा शब्द नाही. खरे तर ‘अर्थसंकल्प’ हाही नाही, तिथे आहे ‘वार्षिक वित्तविवरणपत्र’. अंतरिम अर्थसंकल्पात जमा आणि खर्च या दोन्ही बाजू संपूर्ण वर्षासाठी मांडलेल्या असतात. लेखानुदानाला जमेची बाजूच नाही, ती फक्त वर्षाच्या एका भागापुरती खर्चाची परवानगी आहे. निवडणुकीच्या वर्षी होते असे, की मंत्री अंतरिम अर्थसंकल्प मांडतात आणि त्याच्या आधारे लेखानुदान मागतात. १ फेब्रुवारी २०२४ ला अंतरिम अर्थसंकल्प आला आणि पूर्ण अर्थसंकल्प २३ जुलै २०२४ ला. महाराष्ट्रात त्याच वर्षी २७ फेब्रुवारीला अंतरिम आणि २८ जूनला दुसरा मांडला गेला.

कराचे काय? आयकराचे दर दरवर्षीच्या वित्त अधिनियमातून ठरतात आणि अनुच्छेद २६५ नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कर लावता किंवा वसूल करता येत नाही. म्हणून अंतरिम वर्षातही वित्त विधेयक आणावेच लागते. जाणाऱ्या सरकारने करात मोठे बदल करू नयेत हा संकेत आहे, घटनेची मनाई नाही. १ फेब्रुवारी २०१९ च्या अंतरिम अर्थसंकल्पात पगारदारांची प्रमाणित वजावट ४०,००० वरून ५०,००० रुपये झाली आणि ५ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर पूर्ण सवलत आली. तेव्हा ‘लेखानुदानात करसवलत’ असा मथळा कोणी दिला, तर तो शब्दार्थानेच चुकतो.

महाराष्ट्रात आणखी एक शब्द गोंधळ घालतो. जूनमध्ये येणाऱ्या त्या दुसऱ्या अर्थसंकल्पाला इथे ‘अतिरिक्त अर्थसंकल्प’ म्हणतात. १८ जून २०१९ चा असाच होता, २०२४ चाही. वाचणाऱ्याला वाटते की आधीच्या खर्चावर आणखी खर्च चढला. तसे नसते, फेब्रुवारीत जे अर्धे राहिले ते पुरे केलेले असते. शिवाय घटनेत ‘अतिरिक्त’ला स्वतःचा ठरलेला अर्थ आहे. अनुच्छेद २०५ मध्ये तीन प्रकार येतात. मंजूर रक्कम पुरत नाही म्हणून मागायची ती पूरक. अर्थसंकल्पात नव्हतीच अशी नवी सेवा वर्षाच्या मध्ये सुरू करायची तर अतिरिक्त. आणि वर्ष संपल्यावर मंजुरीपेक्षा जास्त खर्च झालेला दिसला, तर अधिक. पहिल्या दोन्हींना विधिमंडळात मिळून ‘पुरवणी मागण्या’ म्हणतात. जूनच्या अर्थसंकल्पाला ‘पूर्ण अर्थसंकल्प’ म्हटले असते तर बरे झाले असते.

‘मागणी’ या शब्दाबरोबर कोणते क्रियापद यावे, यावरही बरेच अवलंबून असते. मागणी मांडतात किंवा सादर करतात, चर्चेला टाकतात, मतास टाकतात. विरोध करायचा तर कपात सूचना देतात, आणि लोकसभेच्या नियमांत तिचे तीन प्रकार आहेत. धोरणच मान्य नसेल तर मागणी १ रुपयावर आणावी अशी सूचना, काटकसर हवी असेल तर ठरावीक रकमेची कपात, आणि एखाद्या विशिष्ट तक्रारीकडे लक्ष वेधायचे असेल तर १०० रुपयांची लाक्षणिक कपात. ‘विरोधकांनी १०० रुपये कमी करा म्हटले’ हे वरवर हास्यास्पद वाटेल, पण त्या शंभर रुपयांच्या आडून त्या खात्याच्या कारभाराची चर्चा मिळवलेली असते. ठरलेला वेळ संपला की चर्चा न झालेल्या सगळ्या मागण्या एकदम मतास टाकतात. त्याला मराठीतही गिलोटिनच म्हणतात. २०१८ आणि २०२३ साली लोकसभेत सगळ्याच मागण्या अशा चर्चेविना गेल्या, आणि शब्दाची धार तेव्हा खरी कळली.

‘विधान परिषदेत पुरवणी मागण्या मंजूर’ हे वाक्यही तपासून घ्यावे. परिषदेत चर्चा होऊ शकते. मागण्यांवर मत देण्याचा अधिकार फक्त विधानसभेचा आहे. परिषदेकडे नंतर विनियोजन विधेयक येते, ते धन विधेयक असल्याने तिला १४ दिवसांत शिफारशींसह किंवा त्याविना परत पाठवावे लागते. लेखानुदानही याला अपवाद नाही. सभागृहाने ते मंजूर केले तरी विनियोजन (लेखानुदान) विधेयकाचा कायदा होईपर्यंत तिजोरीचे दार उघडत नाही.

दत्तमतच्या जोडीला ‘भारित’ खर्च येतो. राज्यपालांचे वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन, राज्याच्या कर्जावरचे व्याज हे राज्याच्या एकत्रित निधीवर भारित. यावर चर्चा करता येते, मत घेता येत नाही. ‘भारित’ म्हणजे भार पडलेला हे बरोबर, पण कसला भार? सातबाऱ्याच्या इतर हक्कांत ‘बँकेचा बोजा’ लिहिलेला असतो, त्याच जातीचा. दोन्हींच्या मुळाशी एकच इंग्रजी शब्द आहे, ‘चार्ज’. गहाण आणि बोजा यांत कायदा फरक करतो: मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५८ प्रमाणे गहाणात मालमत्तेतील काही हितसंबंध धनकोकडे जातो, कलम १०० च्या बोजात तो जात नाही, फक्त त्या मालमत्तेतून येणे फेडून घेण्याचा हक्क मिळतो. भारित खर्चाचेही तसेच. निधी कोणाच्या नावे होत नाही, पण ती देणी त्यातून भागलीच पाहिजेत, सभागृहाचे मत काहीही असो. मराठीत ‘निधीवर बोजा असलेला खर्च’ असा शब्द रूढ झाला असता, तर सातबारा वाचणाऱ्या कोणालाही तो लगेच कळला असता.

राहिला ‘अधिक’. वर्ष संपते, विनियोजन लेखे (मंजुरी आणि प्रत्यक्ष खर्च यांचा हिशेब) तयार होतात, नियंत्रक व महालेखापरीक्षक ते तपासतात आणि कोणत्या मागणीखाली मंजुरीपेक्षा जास्त खर्च झाला ते त्यांत दिसते. लोकलेखा समिती कारणे विचारते. संसदेच्या या समितीत लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ सदस्य असतात, आणि १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे. समितीने तपासल्यावर तेवढ्या रकमेची मागणी पुन्हा सभागृहात येते आणि खर्च नियमित केला जातो. बातमीत याला ‘वाढीव निधी मिळाला’ लिहू नये. पैसे केव्हाच खर्च झालेले असतात; आता मागितली जाते ती त्यांची परवानगी.