उधाणाच्या विरुद्ध ओहोटी नव्हे, भांग

गणेश पेठेतल्या मासळी बाजारात एका मावशींनी ‘सध्या भांग हाय, बोंबील कमीच येनार’ असं सांगितलं. हा भांग कुठला, आणि उधाण म्हणजे मोठी भरतीच ना, असा प्रश्न आला आहे.

हा भांग केसांतला नाही आणि शिवरात्रीच्या भांगेशीही त्याचं नातं नाही. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा होते. उधाण आणि भांग पंधरवड्याच्या हिशोबात येतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते, ते उधाण. अष्टमीच्या आसपास ती काटकोनात येते आणि पाणी सुस्तावतं, तो भांग. म्हणून उधाणाची जोडी भांगाशी, ओहोटीशी नाही. शिवाय उधाणात पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं. एरवी बुडालेले खडक उघडे पडतात, ते याच दिवसांत. कालवं काढायला जाणाऱ्या बायका नेमक्या या ओहोटीवर डोळा ठेवून असतात. तेव्हा ‘उधाण म्हणजे मोठी भरती’ ही अर्धीच गोष्ट झाली.

मावशींच्या बोंबलाचं कारणही यातच आहे. बोंबील बहुतेक डोलीत सापडतो. डोल म्हणजे एका जागी रोवून ठेवलेलं पिशवीसारखं लांब जाळं. ते माशामागे जात नाही, पाण्याच्या ओढीबरोबर मासाच आत येतो. भांगात ओढ मंदावली की डोल रिकामी.

हे सगळं पंचांगाशी जोडणारा एक तोंडी हिशोब कोकण किनाऱ्यावर चालत आला आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दिवसाही आणि रात्रीही. (पाऊणकी पाठ असलेल्या पिढीला कागदही लागायचा नाही.) भरती रोज साधारण ४८ ते ५० मिनिटं पुढे सरकते आणि पाऊण तास म्हणजे ४५, त्यामुळे पक्ष संपता संपता हिशोब पाऊण तासाने मागे पडतो. पण होडी पाण्यात लोटायला तेवढं चालतं. समुद्रापासून दूर आपल्या पुण्यातसुद्धा भिंतीवरचं कॅलेंडर पाहून मुंबईची भरती सांगता येते, हे मला भारी वाटतं.

घाटावर आपण ‘उत्साहाला उधाण’ तेवढं उचललं, भांग किनाऱ्यावरच राहिला. खरं तर ‘उत्साहाला भांग लागला’ म्हणायला काय हरकत आहे?

जाता जाता एक तक्रार. पावसाळ्यात बातम्यांत ‘साडेचार मीटरच्या लाटा उसळणार’ असं छापून येतं. तो आकडा लाटेच्या उंचीचा नसतो. ठरावीक पातळीपासून भरतीचं पाणी किती वर येणार, हे तो सांगतो. वारा पडलेला असला तर त्या दिवशी समुद्र अगदी शांतही असू शकतो. ‘साडेचार मीटरची भरती’ एवढं लिहिलं तरी पुरे.