तीन ट्यूटर बदलले, गणित तिथंच! आता चौथा कुठून आणू?

मी समुपदेशक आहे, आणि पालकांचा मला येणारा सगळ्यात कॉमन प्रश्न हाच, की मॅडम एखादा चांगला ट्यूटर सांगा ना, आमच्या मुलाला सूट होईल असा. इंदूरमध्ये ट्यूटरची काय कमी आहे का, भंवरकुआंला तर मजल्यामजल्यावर बोर्ड लटकलेत, घरी येऊन शिकवणारेही प्रत्येक कॉलनीत मिळतात, तरी लोक वर्षाला दोन-दोन तीन-तीन ट्यूटर बदलत बसतात आणि मूल मात्र जिथल्या तिथे. असं का होतं ते एका घराच्या गोष्टीवरून सांगते. त्या घरच्यांची परवानगी घेतलीय आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

मुलगा सातवीत, सीबीएसई, इंग्लिश मीडियम. घरात मराठी, खाली कॉलनीत हिंदी, शाळेत इंग्लिश, आपल्या इकडच्या मराठी घरांत असतं तसंच सगळं. आई बँकेत, बाबांची फिरतीची नोकरी, आणि आजोबा, जे रामबागेतलं जुनं घर सोडून आता सुदामा नगरला यांच्याकडे राहायला आलेत. अर्धवार्षिक परीक्षेत गणितात 80 पैकी 19. आई आल्या त्या वह्यांची पिशवी घेऊनच, आणि बसल्या बसल्या म्हणाल्या, "मॅडम, तीन झाले आता, चौथा तुम्हीच सांगा, पण खात्रीचा सांगा."

मी म्हटलं आधीचे तिघे कसे होते ते तर सांगा.

पहिली होती एका कोचिंगची फाउंडेशन बॅच, खोलीत पस्तीस-चाळीस पोरं आणि फळ्यावर भराभर गणितं. (केंद्र सरकारच्या जानेवारी 2024 च्या गाइडलाइनप्रमाणे कोचिंग सेंटरने 16 वर्षांखालच्या मुलांना घ्यायलाच नको, पण हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं.) तिथे हा शेवटच्या बाकावर बसून फळ्यावरचं उतरवून आणायचा, बस्स. दुसरा शेजारच्या बिल्डिंगमधला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, घरी येऊन शिकवायचा, मुलाला फार आवडायचा, पण मार्क वाढले नाहीत म्हणून बंद केला. तिसरे शाळेतलेच सर, त्यांच्या घरी जायचं. इथे मी आईंना थांबवलंच, कारण शाळेच्या शिक्षकाने प्रायव्हेट ट्यूशन घ्यायची नाही हे शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 28 मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी जे सर वर्गात मार्क देतात त्यांच्याच घरी पैसे देऊन शिकायला पाठवलं की मूल "मला हे येत नाही" असं त्यांना कधीच मोकळेपणी सांगत नाही. याने पण नाही सांगितलं. सर विचारायचे "समझ में आया?" आणि हा म्हणायचा "हाँ सर".

मग मी वह्या बघत बसले. मला वाटतं पालकांनी कुठल्याही नव्या ट्यूटरला फोन करायच्या आधी हे काम करावं, अर्धा तास शांत बसून मुलाच्या जुन्या वह्या बघाव्यात, नुसते मार्क आणि टिकमार्क नाही, अक्षर बघावं. त्या इंजिनिअरिंगवाल्या भैयाच्या वेळची वही अगदी स्वच्छ होती, पानंच्या पानं बरोबर. पण शाब्दिक उदाहरणांच्या पानांवर प्रत्येक गणिताची पहिली ओळ, म्हणजे काय दिलंय आणि काय काढायचंय ती ओळ, भैयाच्या तिरप्या अक्षरात होती आणि त्याच्या खालचं सोडवणं मुलाच्या गोल अक्षरात. पुढचं पान तसंच, त्याच्या पुढचं तसंच. पहिली ओळ मुलाने स्वतः लिहिलेली मला सापडलीच नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाला एकट्याला बोलावलं. थोड्या क्रिकेटच्या गप्पा झाल्या, मग मी इंग्लिशमध्ये छापलेलं एक साधं उदाहरण समोर ठेवलं. दुकानदाराकडे 240 पेन्सिली, प्रत्येक पाकिटात 12 अशा भरल्या, 3 पाकिटं सोडून बाकी सगळी विकली, तर किती पाकिटं विकली. त्याने कागदाकडे बघितलं, पेन्सिल उचलली आणि 240, 12, 3 एकाखाली एक मांडून बेरीज केली. 255. ओठ हललेच नाहीत, डोळे ओळीवरून फिरलेच नाहीत, त्याने फक्त आकडे उचलले होते.

मी काही बोलले नाही, थोड्या वेळाने तेच उदाहरण फक्त आकडे बदलून मी मोठ्याने वाचलं, मुद्दाम इंग्लिशमध्येच वाचलं, कारण मला बघायचं होतं की अडचण इंग्लिश भाषेची आहे की आणखी कशाची. त्याने खिडकीकडे बघत तोंडीच उत्तर दिलं आणि बरोबर दिलं. मग आधीचं पेन्सिलींचं मी मराठीत सांगितलं, तर लगेच "वीस पाकिटं, तीन राहिली, सतरा." भागाकार पण डोक्यातच केला. म्हणजे गणित येत होतं, इंग्लिश ऐकून कळत होतं, फक्त छापलेलं वाचून कळत नव्हतं. मग हिंदीचं पुस्तक दिलं, त्याच्या लेव्हलच्या दोन इयत्ता खालचं. बोट ठेवून, अडखळत, वेलांट्या गाळत वाचलं, एक ओळ पूर्ण सुटली तरी त्याच्या लक्षात आलं नाही. दोन परिच्छेद होईपर्यंत कान लाल झाले होते पोराचे. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं तुझं डोकं छान चालतं रे, वाचणं तुला जड जातंय, आणि त्यावर काम करता येतं. तो माझ्याकडे बघतच राहिला, मग म्हणाला, "मग सगळे मला आळशी का म्हणतात?"

आता सांगा, या मुलाला चौथा गणिताचा ट्यूटर आणून काय झालं असतं? कितीही हुशार माणूस आणला असता तरी त्याने सुद्धा पहिली ओळ स्वतःच लिहून दिली असती, किंवा वैतागला असता.

आईबाबांना आणि आजोबांना एकत्र बोलावलं. आजोबा आधीच तयारीत आले होते, म्हणाले, "मॅडम, आमच्या घराण्यात मंद कोणी नाही. आम्ही पावकी, निमकी, दिडकी सगळं पाठ केलेलं, याला धड सातचा पाढा येत नाही, मोबाईल काढून घ्या, आपोआप येईल." मला त्यांचा राग नाही आला, नातवावर जीव आहे म्हणूनच बोलत होते ते. मी म्हटलं, काका, मंद तर हा अजिबात नाहीये, आणि त्यांच्यासमोरच मुलाने तोंडी सोडवलेलं सांगितलं. मग हे सांगितलं की वाचनात अशी अडचण असू शकते, तिला डिस्लेक्सिया म्हणतात, तिचा बुद्धीशी संबंध नाही, घराण्यात असू शकते पण कुणाच्या चुकीने येत नाही, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी म्हणून तिची नोंद आहे. पण मी समुपदेशक आहे, निदान करायचा अधिकार माझा नाही, म्हणून आधी डोळे तपासा, मग कान तपासा, आणि ते ठीक निघाले तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे रीतसर असेसमेंट करा, आपल्याकडे त्याला निमहान्सची, म्हणजे बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेची, बॅटरी म्हणून टेस्ट वापरतात. 2018 च्या सरकारी नियमांप्रमाणे तर हे स्क्रीनिंग, म्हणजे प्राथमिक तपासणी, शाळेतच तिसरीत किंवा आठव्या वर्षी व्हायला हवं होतं. याचं सातवीपर्यंत झालं नव्हतं, कारण मुलगा शांत होता, वर्गात त्रास देत नव्हता, आणि शांत मुलांकडे कुणी बघत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

बाबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "एकदा शिक्का बसला की पुढे लग्नापर्यंत लोक..." मी म्हटलं शिक्का तर आत्ताही आहे, आळशी म्हणून, तो मुलाने स्वतःच मला सांगितलाय. त्यावर आई रडल्या. असेसमेंटला दोघंही तयार झाले.

डोळे-कान ठीक निघाले, असेसमेंटमध्ये बुद्ध्यांक चांगला आणि वाचन-लेखनात अडचण, रिपोर्ट आला. तेव्हा कुठे आम्ही ट्यूटरच्या विषयावर आलो, आणि आता प्रश्न एकदम सोपा झाला होता, कारण कशासाठी माणूस हवाय ते माहीत होतं. वाचनासाठी स्पेशल एज्युकेटर, म्हणजे अशा अडचणी असलेल्या मुलांना शिकवायचं प्रशिक्षण घेतलेला शिक्षक, आठवड्यातून दोनदा, पाऊण पाऊण तास. स्पेशल एज्युकेटर म्हणवून घेणारे बरेच असतात म्हणून आरसीआयचं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं रजिस्ट्रेशन आहे का हे विचारायचंच, विचारायला लाजायचं नाही, खरा माणूस नंबर लगेच देतो.

आणि गणितासाठी? मी म्हटलं त्या शेजारच्या भैयालाच परत बोलवा. आईंना पटेना, मार्क नाही वाढले म्हणून तर बंद केला होता. पण मुलगा ज्याच्यासमोर घाबरत नाही असा माणूस सहज मिळत नाही, आणि तो पोरगा मेहनती होता, त्याला फक्त हे कुणी सांगितलं नव्हतं की मुलगा नेमका कुठे अडतो. त्याला माझ्याकडे बोलावून रिपोर्ट समजावला. ठरलं असं की शाब्दिक उदाहरण भैयाने मोठ्याने वाचायचं, मुलाने ते आपल्या शब्दांत सांगायचं, मराठीत हिंदीत कशातही, मग छोटीशी आकृती काढायची, आणि पहिली ओळ मुलानेच लिहायची, चुकली तरी चालेल, भैयाने पेन हातात घ्यायचाच नाही. "समझ में आया?" हा प्रश्न बंद, त्याऐवजी "आता पुढचं तू मला शिकव." भैया म्हणाला की मॅडम, मला वाटायचं याला कंटाळा येतो वाचायचा म्हणून मीच वाचून लिहून द्यायचो, वेळ वाचावा म्हणून. बिचाऱ्याने चांगल्या मनानेच केलेलं.

पाढ्यांसाठी एक तक्ता वहीला चिकटवला, जिथे भागाकार शिकायचाय तिथे पाढा आठवत नाही म्हणून सगळं अडून बसण्यात काही अर्थ नाही. याला आजोबांचा विरोध होता, मग त्यांनाच मी काम दिलं, रोज रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं नातवाबरोबर एकत्र मोठ्याने वाचायचं, दोघांचा आवाज एकदमच, तो अडखळला तर आजोबांनी शब्द सांगून पुढे जायचं, रागवायचं नाही, परत परत म्हणायला लावायचं नाही. पुस्तक मुलाच्या आवडीचं. सुरुवात मराठीनेच केली, देवनागरीत बहुतेक जसं लिहिलंय तसंच वाचायचं असतं, इंग्लिशचं तसं नाही, तिथे पी-यू-टी पुट आणि बी-यू-टी बट. पहिल्या आठवड्यात आजोबांचा दोनदा फोन आला की रागवायचं नाही म्हणजे काय, पोरगं चुकतंय तरी गप्प बसू? हो काका, शब्द सांगा आणि पुढे चला.

तुमच्या मुलाची अडचण वेगळी असू शकते, प्रत्येकाला डिस्लेक्सियाच असतो असं अजिबात नाही. कुणाचा पाचवीतला अपूर्णांकांचा पायाच कच्चा असतो, कुणाला नुसती परीक्षेची भीती, कुणी शाळा बदलल्यामुळे मागे पडलेलं असतं, आणि काहींना तर ट्यूशन नको, झोप हवी असते, सकाळी सहाला बस आणि रात्री साडेआठला ट्यूटर, काय डोंबल शिरणार डोक्यात! पण ट्यूटर बघताना एक गोष्ट सगळ्यांनाच लागू पडते. दोन डेमो क्लास घ्या, तुम्ही बाजूच्या खोलीत बसा, आणि मूल चुकतं तेव्हा तो माणूस काय करतो एवढंच ऐका. लगेच बरोबर उत्तर सांगून टाकतो, की "हे कसं केलंस मला दाखव" म्हणून विचारतो? डिग्री, पर्सेंटेज, आधीच्या मुलांचे फोटो हे सगळं त्याच्यानंतर. तुमच्याकडे अडलेला एखादा मुलगा आला होता का, त्याच्याबरोबर काय केलं, हेही विचारा, ज्याने केलंय तो दहा मिनिटं सांगत बसेल. पूर्ण वर्षाची फी आधी मागितली तर नाही म्हणा, महिन्या-महिन्याने द्या. आणि क्लास घराच्या हॉलमध्ये, दार उघडं, घरात कुणीतरी मोठं माणूस असताना, मुलगा असो की मुलगी, ट्यूटर कितीही ओळखीचा असो.

या मुलाचं सांगायचं तर वार्षिक परीक्षेत गणितात 80 पैकी 41 आले. वाचन अजून हळूच आहे, ते वर्षं घेणार, स्पेशल एज्युकेटरने पहिल्याच दिवशी तसं स्पष्ट सांगितलं होतं आणि म्हणूनच मला त्या आवडल्या. आता घरच्यांचं काम कागदांचं आहे. प्रायव्हेट रिपोर्ट वेगळा आणि सरकारी सर्टिफिकेट वेगळं, बोर्डाच्या परीक्षेत दर तासाला 20 मिनिटं जास्त वेळ, लागला तर रायटर, म्हणजे मूल सांगेल ते लिहून देणारा, या सवलतींसाठी रीतसर सर्टिफिकेटच लागतं. त्या सर्टिफिकेटसाठी चौदाव्या वर्षी पुन्हा टेस्ट करायची असते, आणि सीबीएसईचं रजिस्ट्रेशन नववीत होतं, तेव्हा धावपळ नको म्हणून फाईल आत्तापासून लावायला सांगितलीय. दहावीला गणित बेसिक, म्हणजे सोप्या पातळीचं, घ्यायचं की स्टँडर्ड हे नंतर बघू, बाबा आत्ताच बेसिक म्हणून बसलेत, मुलगा म्हणतो स्टँडर्ड, आणि मी त्यांना सांगितलंय की आठवी तर होऊ द्या, मग मुलाला समोर बसवूनच ठरवा.