'आबेरदारोन'मधला 'आब' पाण्याचा नव्हे

प्रश्न असा आला आहे: वेल्सच्या किनाऱ्यावर आबेरदारोन, आबेरसोख, आबेरिस्टविथ अशी नावे दिसतात. सगळी पाण्याकाठची गावे. मग 'पंजाब', 'आबदार', 'गुलाब' यांत जो फारसी 'आब' आहे, तोच इथेही आहे का? मराठीत या 'आबेर'ला 'खाडी' म्हणावे का? आणि आबेरदारोनमधल्या पुलाच्या नावात 'बोन्त' का, वेल्श शब्दकोशात पूल म्हणजे 'पोन्त' दिलाय ना?

'आब'ची शंका मलाही एकेकाळी आली होती, इतकी ती मोहात पाडणारी आहे. पण शब्द चुकीच्या जागी तोडला गेलाय. तो 'आब + एर' असा नाही. जुने रूप साधारण 'अद्-बेर': 'अद्' म्हणजे कडे, आणि 'बेर' म्हणजे वाहून नेणे. एका पाण्याने स्वतःला दुसऱ्या पाण्यात नेऊन घालायचे ती जागा म्हणजे आबेर. हा 'बेर' म्हणजे संस्कृतातला 'भृ', 'भरति'. मूळच्या 'भ'चा वेल्शमध्ये 'ब' होतो. संस्कृत 'भ्रातृ', वेल्श 'ब्राउद', अर्थ भाऊच. त्याच 'भरति'पासून आपले 'भरणे' आले आणि 'भरणे'पासून समुद्राची 'भरती'. म्हणजे नाते आहे, पण 'आब'शी नाही, भरतीशी आहे. फारसी 'आब' हा संस्कृत 'अप्'चा भाऊबंद, त्याचे घराणे वेगळे.

स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसचा 'इन्व्हर'सुद्धा याच धातूचा, फक्त उपसर्ग निराळा. तिथेच अ‍ॅबरडीनही आहे, म्हणजे दोन्ही सख्खी चुलत भावंडे एकाच देशात नांदतात.

आता 'खाडी'. मला तो शब्द इथे पटत नाही. खाडी म्हणजे भरतीचे पाणी आत शिरते तो सगळा पट्टा. आबेर म्हणजे जिथे प्रवाह संपतो तेवढी जागा. शिवाय समुद्राचा संबंध नसलेलेही आबेर आहेत. अ‍ॅबरगॅव्हनी समुद्रापासून बरेच आत आहे, तिथे गॅव्हनी नदी अस्क नदीला मिळते. तिथे आपण सरळ 'संगम' म्हणू. किनाऱ्यावर 'मुख', आत 'संगम', असे दोन शब्द वापरावेत. गंमत म्हणजे फ्रान्समधल्या ब्रिटनीत, जिथली ब्रेटन भाषा वेल्शची बहीण, तिथे 'आबेर' हा शब्द आत घुसलेल्या समुद्राच्या फाट्यालाच लावतात. तिथे मात्र 'खाडी' अगदी चपखल बसेल.

आबेरदारोन म्हणजे दारोन नदीचे मुख. ल्हीन द्वीपकल्पाच्या पार टोकाला हे छोटे गाव आहे. ('ल्ह' हा नाइलाज. 'कोल्हा'तला ल्ह नव्हे. जीभ 'ल'च्या जागी ठेवायची आणि कडेने नुसती हवा सोडायची.) इंग्रजी नकाशा वाचून लोक 'अ‍ॅबरडॅरन' लिहितात. मी 'द' लिहितो, कारण उत्तर वेल्समध्ये त आणि द दातांपाशीच उच्चारतात, आपल्यासारखे. जोर 'दा'वर द्यायचा.

गावात दारोनला आणखी एक ओढा मिळतो, म्हणून पूल दोन: 'अ बोन्त वाउर' आणि 'अ बोन्त वाख', मोठा पूल आणि छोटा पूल. सुटे शब्द 'पोन्त', 'माउर' (मोठा), 'बाख' (छोटा). पूल वेल्शमध्ये स्त्रीलिंगी. स्त्रीलिंगी एकवचनी नामाआधी 'अ' हे उपपद आले की त्याचा पहिला वर्ण मऊ होतो: प चा ब. मागून येणाऱ्या विशेषणाचेही तेच: म आणि ब या दोघांचाही व. आपण 'मोठा पूल, मोठी नदी' म्हणताना शब्दाची शेपटी बदलतो, वेल्श माणूस डोके बदलतो. शब्दकोशात शोधताना पंचाईत होते ती यामुळेच. 'वाउर' व खाली कधीच सापडणार नाही.

या गावच्या परिसरात 1780 साली रिचर्ड रॉबर्ट जोन्स नावाचा मुलगा जन्मला. पुढे तो चौदा-पंधरा भाषा जाणणारा म्हणून गाजला, पुस्तके अंगावर बाळगत गावोगाव भटकला आणि वेल्श, ग्रीक, हिब्रू असा त्रैभाषिक कोश रचत बसला. 1843 मध्ये तो वारला. वेल्समध्ये त्याला जोन्स म्हणून फारसे कुणी ओळखत नाही. तो 'दिक आबेरदारोन'. आपल्याकडे गावावरून पुणेकर, सावंतवाडकर होतात, तसेच. फक्त 'कर' न लावता.