कृष्णद्रव्य, कृष्ण पदार्थ की अदृश्य द्रव्य?

प्रश्न असा आहे: डार्क मॅटर, म्हणजे दिसत नाही पण ज्याचं गुरुत्व जाणवतं असं विश्वातलं द्रव्य, यासाठी मराठीत कृष्णद्रव्य, कृष्ण पदार्थ, अदृश्य पदार्थ असे निरनिराळे शब्द वाचायला मिळतात, त्यातला योग्य कोणता? आणि जोडून दुसरा, गुरुत्व आणि गुरुत्वाकर्षण एकच का?

मी 'अदृश्य द्रव्य' लिहितो. 'कृष्णद्रव्य' हा शब्द बराच रुळलेला आहे हे मान्य, पण त्यातलं 'कृष्ण' वाचणाऱ्याला चुकीच्या दिशेला नेतं. हे मला एका आठवीतल्या मुलीने दाखवून दिलं. दीर्घिकांभोवती कृष्णद्रव्याचं भलंमोठं वेष्टन असतं, असं मी तिला सांगत होतो. तिने विचारलं, "ते काळं असेल तर पलीकडच्या दीर्घिका झाकल्या कशा जात नाहीत?" शंका अगदी बरोबर होती. मी वापरलेला शब्दच तिला तिथे घेऊन गेला होता.

मराठीत कृष्ण म्हणजे काळं, आणि काळी वस्तू प्रकाश शोषते किंवा अडवते. म्हणून 'कृष्णविवर' चपखल आहे, आत गेलेला प्रकाश बाहेर येतच नाही. 'कृष्णमेघ'ही चपखल आहे. मृग नक्षत्राच्या पोटात घुसलेल्या बाणाचे तीन तारे आठवा. त्यांतल्या सर्वांत पूर्वेकडच्या ताऱ्याजवळ, चकाकणाऱ्या वायूच्या पडद्यापुढे, घोड्याच्या डोक्याच्या आकाराचा एक काळा ढग छायाचित्रांत दिसतो. तो धुळीचा आहे आणि मागचा उजेड अडवतो. पण ती धूळ आपल्या ओळखीच्या अणूंचीच आहे. म्हणजे आकाशात जे खरोखर काळं दिसतं ते डार्क मॅटर नाही, आणि जे डार्क मॅटर आहे ते काळं दिसत नाही. ते प्रकाश शोषत नाही, अडवत नाही, स्वतः सोडतही नाही. प्रकाश त्यातून आरपार जातो.

'कृष्ण पदार्थ' तर मी कटाक्षाने टाळतो. स्वतःवर पडणारं सगळं प्रारण (रेडिएशन) शोषून घेणारी आदर्श वस्तू, या अर्थाने तो शब्द भौतिकशास्त्राच्या मराठीत आधीच वापरात आहे. विश्वाच्या जन्माबद्दल लिहिताना हे दोन्ही अर्थ एकाच पानावर येऊ शकतात. महास्फोटानंतर उरलेलं, १९६५ साली पेन्झियस आणि विल्सन यांनी जाहीर केलेलं सूक्ष्मलहरी प्रारण जवळजवळ आदर्श कृष्ण पदार्थाच्या प्रारणासारखं आहे, तापमान सुमारे २.७ केल्व्हिन. त्याच परिच्छेदात डार्क मॅटरलाही कृष्ण पदार्थ म्हटलं, तर वाचणाऱ्याने काय समजायचं?

मग मुळात 'डार्क' आलं कुठून? खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ साली अरुंधती केश तारकासमूहाच्या दिशेला असलेल्या कोमा दीर्घिकासमूहातल्या दीर्घिकांचे वेग तपासले. ते इतके जास्त होते की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वस्तुमानावर हा समूह एकत्र टिकणंच शक्य नव्हतं. जास्तीच्या वस्तुमानासाठी त्यांनी जर्मनमध्ये जो शब्द वापरला, त्याचा अर्थ उजेड नसलेलं, न चमकणारं द्रव्य. १९३७च्या लेखात तर ते थंड तारे, घन वस्तू आणि वायू यांचाच विचार करतात. म्हणजे अंधाऱ्या खोलीतल्या वस्तूसारखं, दिवा लावला की दिसेल असं. पुढे १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेचं भ्रमण मोजलं. केंद्रापासून दूर गेल्यावरही वेग अपेक्षेप्रमाणे उतरत नव्हता. त्यानंतरच्या दशकांत हे द्रव्य अणूंचं नाहीच असं मत पक्कं होत गेलं. शब्द तोच राहिला, अर्थ मात्र पार सरकला. मराठीत जुन्या अर्थाचं भाषांतर करून नव्या अर्थाला चिकटवायची सक्ती आपल्यावर नाही.

'अदृश्य'वर आक्षेप येतो की हवासुद्धा अदृश्य असते. बरोबर आहे, पण हवा ठराविक तरंगलांबीचा प्रकाश शोषते, विखुरते. या द्रव्याला प्रकाशाशी काही देणंघेणंच नाही, आणि विश्वाच्या उत्पत्तीत हीच गोष्ट महत्त्वाची ठरली. पहिली सुमारे ३ लाख ८० हजार वर्षं साधं द्रव्य प्रकाशाशी जखडलेलं होतं. ते गोळा होऊ लागलं की प्रारणाचा दाब त्याला पुन्हा पसरवायचा. अदृश्य द्रव्यावर तो दाब चालत नव्हता, ते आधीच जमू लागलं होतं. नंतर साधं द्रव्य त्याच्या गुरुत्वाने झालेल्या जणू खड्ड्यांत उतरलं आणि तिथे दीर्घिका घडल्या.

'पदार्थ' न म्हणता 'द्रव्य' का, तर पदार्थ म्हटलं की लोखंड, पारा, काच अशी एकेक वस्तू डोळ्यांपुढे येते, द्रव्य म्हटलं की सगळ्यांना व्यापणारा वर्ग. या शब्दाला एक सुंदर इतिहासही आहे. प्राचीन भारतीय दर्शनांपैकी वैशेषिक दर्शनाचे विचारवंत नऊ द्रव्यं मानत. मीमांसा दर्शनातल्या भाट्ट मीमांसकांचं म्हणणं होतं की तम, म्हणजे अंधार, हेही द्रव्य आहे. न्याय दर्शनाचे नैयायिक म्हणत, छे, तो केवळ तेजाचा अभाव. त्या वादाचा आजच्या विज्ञानाशी संबंध जोडू नये. पण अभाव आणि न दिसणारं अस्तित्व यांतला भेद आपल्या भाषेला केव्हापासून ठाऊक आहे, हे वाचून मला फार आनंद होतो.

डार्क एनर्जी, म्हणजे विश्वाचं प्रसरण वेगवान करणारी मानली जाणारी ऊर्जा, हिच्यासाठी मात्र 'अदृश्य ऊर्जा' जमत नाही, कारण दृश्य ऊर्जा अशी काही वेगळी जात नाही. तिथे रुळलेलं 'कृष्ण ऊर्जा' चालू द्यावं. दोन्ही नावं जुळलीच पाहिजेत असं नाही. विश्वातल्या एकूण द्रव्य आणि ऊर्जेच्या हिशेबात तिचा वाटा सुमारे ६८ टक्के, अदृश्य द्रव्याचा २७, आणि आपलं साधं द्रव्य जेमतेम ५.

आता गुरुत्व. वैशेषिकांच्या २४ गुणांत गुरुत्व आहे. ते पडणाऱ्या वस्तूचं जडपण, तिच्या पहिल्या पतनाचं कारण. भास्कराचार्य ११५० साली 'आकृष्टिशक्ति' म्हणतात, ती मात्र पृथ्वीची, जड वस्तूला स्वतःकडे खेचणारी. 'गुरुत्वाकर्षण' या जोडशब्दात जडपण आणि खेचणं दोन्ही आली आणि न्यूटनच्या बलाला ते नेमकं बसलं. पण आइन्स्टाइनच्या १९१५च्या मांडणीत खेचणं उरत नाही, अवकाश-काल वाकलेला असतो. म्हणून बलाबद्दल बोलताना गुरुत्वाकर्षण आणि एकूण घटनेबद्दल गुरुत्व, असा फरक मी पाळतो. 'गुरुत्वीय लहरी' आपण तसंच म्हणतो. 'गुरुत्वीय भिंग'ही तसंच, अदृश्य द्रव्याजवळून येणारा दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश वळतो आणि तिची प्रतिमा कमानीसारखी ताणली जाते. त्या मुलीला मी पुढच्या खेपेला अशाच कमानींचं छायाचित्र दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे ते काचेसारखं आहे, काळं नाही."