शब्दचर्चा : ‘रिमोट प्रोसिजर कॉल’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : एका प्रशिक्षण पुस्तिकेचं मराठीकरण करतो आहे. त्यात रिमोट प्रोसिजर कॉल (आरपीसी) वापरून लांबच्या सर्व्हरला कमांड कशा पाठवायच्या यावर एक धडा आहे. मी शीर्षक केलं : ‘दूरस्थ कार्यपद्धती आवाहनाद्वारे दूरस्थ सेवकास आज्ञा पाठविणे’. ऑफिसात सगळे हसले. काय चुकलं?

हसले ते बहुधा ‘सेवकास’ला. सर्व्हरचा सेवक केला की तो लगेच फेटा बांधून, हातात तबक घेऊन उभा राहतो. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे रेशन दुकानापासून सातबाऱ्याच्या खिडकीपर्यंत सगळ्यांनी ऐकलेलं आहे. तो शब्द आता आपलाच. त्याला हात लावू नका.

खरी मेख ‘आवाहना’त आहे. पूजेत आपण देवाला आवाहन करतो, पालिका नागरिकांना पाणी जपून वापरायचं आवाहन करते. दोन्हीकडे येणं-न येणं, ऐकणं-न ऐकणं समोरच्याच्या मर्जीवर. शिवाय पुस्तिका छापून येईपर्यंत कोणीतरी त्याचं ‘आव्हान’ करणार, हे लिहून ठेवा. प्रोग्रॅमरचा कॉल असा नसतो. १९५८ च्या फोरट्रान-२ या प्रोग्रॅमिंग भाषेत ‘कॉल’ हा शब्दच आज्ञा म्हणून आला आणि त्याच्या जोडीला आला ‘रिटर्न’. इथलं काम थांबवायचं, त्या नावाच्या कामाकडे जायचं, ते उरकलं की निघालो होतो तिथेच परत यायचं. परत येणं हा कॉलचा निम्मा अर्थ आहे, आणि ‘आवाहना’त नेमका तोच नाही. हाक, साद, पाचारण यांतही नाही. म्हणून कॉलला कॉलच राहू द्या.

‘कार्यपद्धती’ला मात्र बरा पर्याय आपल्या स्वयंपाकघरात पडून आहे. पाककृतीच्या कुठल्याही पुस्तकात दोन मथळे असतात : साहित्य आणि कृती. प्रोसिजर म्हणजे प्रोग्रॅममधला, नाव दिलेला कामाचा तुकडा. तीच आपली कृती, आणि तिला कॉल करताना कंसात जे देतो ते साहित्य. मी नवख्या मुलांना असंच शिकवतो. ‘साहित्य कमी पडलं’ म्हटलं की त्यांना चूक कुठे आहे ते लगेच कळतं. कार्यपद्धती म्हटलं की कार्यालयातलं परिपत्रक आठवतं.

राहिला ‘रिमोट’, आणि इथे मराठी व्याकरण इंग्रजीच्या पुढे जातं. हे नाव रूढ झालं ते ब्रूस नेल्सन यांच्या १९८१ च्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या प्रबंधामुळे. पुढे १९८४ मध्ये त्यांनी आणि अँड्र्यू बिरेल यांनी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात ते प्रत्यक्षात कसं उतरवलं यावर लेख लिहिला. कल्पना अशी, की लांबच्या यंत्रावरची कृती कॉल करणारी ओळ जवळच्या कृतीच्या ओळीसारखीच दिसावी. मध्ये तार आहे, दुसरं यंत्र आहे, हे लिहिणाऱ्याला जाणवू नये. म्हणून इंग्रजीत दोन्हीला ‘कॉल’च. मराठीत मात्र ‘मी पोळ्या केल्या’ आणि ‘मी मावशींकडून पोळ्या करवून घेतल्या’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसऱ्यात क्रियापद प्रयोजक होतं, ‘-कडून’ लागतो, आणि ऐकणाऱ्याला आपोआप कळतं की मावशी आज आल्याच नाहीत तर पोळ्याही नाहीत. आरपीसी म्हणजे करवून घेणं. फक्त लिहायचं ते ‘करणे’ असल्यासारखं. तुमच्या धड्याने हे एवढं सांगितलं तरी पुरे.

हा देखावा उभा करणाऱ्या तुकड्याला ‘स्टब’ म्हणतात. कोशात पाहिलं तर ‘खुंट’ मिळेल आणि काहीच उमगणार नाही. माझा आवडता शब्द ‘वकील’, पण कोर्टातला नव्हे, दरबारातला. सवाई माधवरावांच्या काळात पुण्याला इंग्रजांचा वकील म्हणून मॅलेट होता. बोलणं त्याच्याशी व्हायचं, निर्णय कलकत्त्याला. स्टब तेच करतो. आपल्याच यंत्रावर बसतो, लांबच्या कृतीचं नाव लावतो, तुमचं साहित्य बांधून पलीकडे पाठवतो आणि आलेलं उत्तर आपलं म्हणून तुमच्या हातात देतो.

आता उत्तर आलंच नाही तर? एका नोकरीत हा प्रसंग माझ्याच हातून घडला. ग्राहकाच्या खात्यातून रक्कम वळती करायची कमांड पाठवली. तीस सेकंद उत्तर नाही, म्हणून आमच्या प्रोग्रॅमने तीच पुन्हा पाठवली. पहिली पोचलेली होती, काम झालेलं होतं, हरवलं होतं ते फक्त परतीचं उत्तर. पैसे दोनदा गेले. पुढचे दोन दिवस फोन घ्यायला मीच होतो.

हा पेच संगणकाआधीचा आहे. पुण्याचा सावकार काशीच्या आडतीवर हुंडी लिहायचा : अमुक इतके रुपये द्यावे. हुंडी वाटेत हरवली तर तो दुसरी प्रत पाठवायचा, तिला म्हणत पेठ. तीही हरवली तर परपेठ. (या पेठेचा सदाशिव-नारायणशी संबंध जोडू नका.) ती नवी हुंडी नसून आधीच्याच हुंडीची प्रत आहे, हे कागदावरच कळायचं, म्हणजे पहिली वटली असली तर पैसे पुन्हा द्यायचे नाहीत. आमच्या प्रोग्रॅमने पेठ पाठवायच्या जागी नवी हुंडी लिहिली होती. पुढे आम्ही प्रत्येक व्यवहाराला एक खूणक्रमांक दिला आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर काम न करता जुनंच उत्तर परत द्यायला सर्व्हरला शिकवलं.

‘आज्ञा’बद्दल. जेसन-आरपीसी, म्हणजे आरपीसीचा मजकूर लिहायची एक ठरलेली पद्धत, वापरत असाल तर पाठवलेल्या मजकुरात कृतीचं नाव, साहित्य आणि आयडी असतो. त्या नावाची कृती सर्व्हरकडे नसेल तर तो -३२६०१ हा आकडा परत पाठवतो. म्हणजे तो नाहीही म्हणू शकतो, आणि नाही म्हणता येतं ती कसली आज्ञा? ‘विनंती’ म्हणा, नाहीतर सरळ ‘कमांड’. आयडी दिलाच नाही तर मात्र सर्व्हरने उत्तर द्यायचंच नाही असा नियम आहे. इंग्रजीत त्याला नोटिफिकेशन म्हणतात. मी ‘निरोप’ म्हणतो. निरोप ठेवला, आपण निघालो.

एकच शब्द हवाच असेल तर ‘परहस्त-कृती’ सुचवतो. ‘लेखनी पुस्तिका दारा परहस्ते गता गता’ पाठ असलेल्यांना उत्तर परत न येण्याची सूचनाही त्यातच मिळते. पण हा शब्द मी ऑफिसात उच्चारला तर माझ्यावरही हसतील, तेव्हा शीर्षकात ‘आरपीसी : लांबच्या सर्व्हरकडून काम करवून घेणे’ एवढंच ठेवा. आणि ‘दूर’ हा शब्द ‘करणे’च्या शेजारी बसवू नका. ‘काम दूर करवणे’ वाचून कोणी सर्व्हरच काढून टाकायचा.